पेटीवरचं माझं वाक्य

गेल्या जूनपासून मी एका जागी दहा मिनिटं धड बसलेली नाही. जेवायला बसले तरी मध्येच उठते, गॅस बंद केलाय का बघते, परत येईपर्यंत भात गार झालेला असतो. टीव्ही लावते, बंद करते, अंगणात जाते, आणि कशाला आले होते तेच आठवत नाही. डॉक्टरांनी बीपी बघितलं, नॉर्मल निघालं. आता बीपीचा इथे काय संबंध? मला काय झालंय ते मला पक्कं माहीत आहे. डॉक्टरला सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहून काढते आहे. लिहायला तरी बसावं लागतं.

रत्नागिरीत कोर्टाच्या जवळ एका वकिलांच्या ऑफिसात मी बावीस वर्षं टायपिस्ट होते. आधी मशीनवर, मग कम्प्युटरवर. नोटिसा, नोटिशींची उत्तरं, वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं. ‘आमच्या अशिलाच्या सांगण्यावरून आपणास कळविण्यात येते की’ हे मी आजही डोळे मिटून टाइप करीन. नोटीस आली की माणसांचं काय होतं ते मी टेबलाच्या अलीकडून रोज बघत होते. कुणी उगाच आवाज चढवायचा, एक गृहस्थ तर आमच्या दारात चपला विसरून अनवाणी घरी गेले होते. मी मनात म्हणायचे, एवढं काय घाबरायचं, कागदच तर आहे. फार शहाणी होते मी.

आमची बाग पावसच्या अलीकडे, कातळाच्या उतारावर. सासऱ्यांनी लावलेली हापूसची कलमं. सासरे गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली, ते वाटणीपत्र मीच टाइप केलं. वरचा भाग थोरल्या दिरांना, म्हणजे भावोजींना, खालचा आम्हाला. सातबारा वेगळे झाले. पण मध्ये गडगा कुणी घातला नाही. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची नुसती रचून घातलेली भिंत. सासऱ्यांनी सगळ्या बागेभोवती घातलेला एकच गडगा होता, तो तसाच राहिला. मांगरही एकच. आंबा उतरवून आणायचा, गवतात ठेवायचा, निवडायचा आणि पेट्या भरायच्या, ते सगळं त्या एका कौलारू खोपटात चालायचं. काढणीच्या दिवशी ज्याच्या हातात काठीची जाळी तो समोर येईल त्या कलमाचा आंबा उतरवायचा. हे कलम कुणाचं म्हणून कुणी विचारायचं नाही. कुणाचं किती फळ ते नंतर चहा पिता पिता अंदाजाने ठरायचं, आणि एकदाही त्यावरून शब्दाने शब्द वाढला नाही. भावाभावांच्या भांडणाच्या केसेस मी ढिगाने टाइप केलेल्या. त्यामुळे आमच्या घरचं हे मला भारी वाटायचं, आणि चारचौघांत मी ते सांगतही असे.

आमचे हे जहाजावर. वर्षातले आठ-नऊ महिने घरात मी आणि मुलगी. मुलगी दापोलीला शेतीचं शिकली, पुण्यात चांगली नोकरी लागली, आणि पाच वर्षांपूर्वी ती सोडून परत आली. म्हणाली, बाग मी बघणार. स्वतःच्या नावाने छोटी कंपनी काढलीन, आणि पहिलं काम काय केलंन, तर आमच्या खालच्या भागातली औषधांची फवारणी बंद. मी तिला वेड्यात काढलं. पहिली दोन वर्षं तुडतुड्यांनी मोहोर काळा करून टाकला, तेव्हा तर मी तिला नाही नाही ते बोलले. ती आपल्या कामाला लागलेली. कलमाकलमाला पत्र्याचे नंबर बांधलेन, फळमाशीचे सापळे टांगलेन, कडुनिंबाचा अर्क करून मारत राहिली, आणि रोज संध्याकाळी वहीत लिहीत बसायची. कुठल्या कलमाला काय घातलं, काय दिसलं, किती गळलं. तिसऱ्या वर्षी फळ धरलं. ते फळ मी खाल्लं आणि मला पटलं. आणि मला एकदा पटलं की मग मला आवरणं कठीण असतं.

पेटीवर लावायच्या कागदासाठी तिने एक ओळ लिहिली होती: ‘या बागेत रासायनिक फवारणी केली जात नाही.’ मी म्हटलं, हे काय एसटी स्टँडवरच्या पाटीसारखं? अशाने कोण घेणार आंबा? आणि बसून एका दमात मी लिहिलं: ‘या पेटीतलं एकही फळ रासायनिक फवारणीचं नाही. माती, पाणी आणि मधमाशी यांना इजा न करता वाढवलेला, पूर्णपणे पर्यावरणपूरक हापूस.’ ती म्हणाली, आई, ‘एकही’ आणि ‘पूर्णपणे’ जरा जास्त होतंय. मी म्हटलं, बावीस वर्षं लिहिण्यावर पोट भरलंय, मला शिकवू नकोस. शेवटी माझंच छापलं. वर हिरवं पान, खाली माझं वाक्य. छापून आलेला पहिला कागद मी फ्रिजवर चिकटवला होता.

गेल्या वर्षी मुंबईच्या एका कंपनीने दोनशे पेट्या मागवल्या. आपल्या ग्राहकांना अक्षय्य तृतीयेला भेट म्हणून द्यायच्या होत्या. त्या कंपनीचा आंब्याशी काही संबंध नव्हता, पण आपण पर्यावरणाची काळजी करतो हे लोकांना दिसावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं उचललं आणि आपल्या जाहिरातीत टाकलं. वर स्वतःचं एक जोडलं, ‘आमची भेट पृथ्वीला ओरखडाही काढत नाही.’ हा दावा कशावरून म्हणून आम्हाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मला तर आनंदच झाला होता. ती जाहिरात मी ह्यांना जहाजावर पाठवली, माहेरी पाठवली, जुन्या ऑफिसातल्या मैत्रिणीला पाठवली.

त्या वर्षी उन्हाने कैरी फार गळली. गाडी यायच्या आदल्या दिवशी मुलगी नेमकी दापोलीला होती. विनाफवारणीच्या बागेचा सरकारी दाखला मिळवण्यासाठी दोन दिवसांचं शिबिर होतं, ते चुकवून चालण्यासारखं नव्हतं. पेट्या भरायचं काम माझ्यावर होतं. दुपारपर्यंत भरून झाल्या आणि मोजल्या, तर एकशेसाठ. चाळीस कमी. खालच्या कलमांवर उतरवण्याजोगं फळ शिल्लक नव्हतं. मांगराच्या दुसऱ्या कोपऱ्यात, त्याच गवतावर, भावोजींचा आंबा होता. सकाळीच उतरवलेला, देखणा, एकसारखा. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. भावोजी म्हणाले, “घे गो. बघतेस काय?” आणि त्यांनीच बसकण मारून चांगला चांगला आंबा निवडायला घेतला.

भावोजी फवारणी करतात हे मला माहीत नव्हतं का? होतं. औषधाचा निळा ड्रम मांगराच्या मागे वर्षानुवर्षं उभा आहे. मी रोज त्याच्यावरून जाते. पण खरं सांगते, आंबा भरायला घेतला त्या घटकेला माझ्या डोक्यात दोन बागा नव्हत्याच. सासऱ्यांची कलमं, एक गडगा, एक मांगर. कमी पडलं की घ्यायचं, जास्त झालं की द्यायचं. तीस वर्षं हात तसेच चालत आलेले. चाळीस पेट्या भरल्या, आणि प्रत्येक पेटीवर माझं वाक्य मी माझ्या हाताने चिकटवलं.

इथपर्यंत मी स्वतःला समजावू शकते. याच्यापुढे नाही. संध्याकाळी मुलीचा दापोलीहून फोन आला. झाल्या का दोनशे, म्हणून विचारलंन. मी म्हटलं, झाल्या. एवढंच म्हटलं. काकांच्या चाळीस घेतल्या, हे म्हणायला किती वेळ लागला असता? मनात काही नसतं तर ते आपसूक तोंडातून आलं असतं. ते आलं नाही. तेव्हा कुठेतरी मला कळलेलं होतं, आणि कळूनही मी फोन ठेवून चहा टाकायला गेले.

जूनमध्ये रजिस्टर पोस्टाने पाकीट आलं. पाकीट बघूनच मी ओळखलं काय आहे ते, असली हजारो पाकिटं मी चिकटवली आहेत. मुलीने उघडलं. भेटीची पेटी मिळालेल्यांपैकी कुणा एकाने आंबा प्रयोगशाळेत तपासून घेतला होता. त्यात औषधाचा अंश सापडला. त्याने त्या कंपनीविरुद्ध ग्राहकांची दिशाभूल केल्याची तक्रार केली. कंपनीच्या वकिलांनी आम्हाला कळवलं होतं की, पेटीवरच्या प्रत्येक विधानाचा पुरावा पंधरा दिवसांत द्या, नाहीतर सगळी जबाबदारी तुमची धरू आणि तक्रारीत तुम्हालाही ओढू. ‘तुम्हाला’ म्हणजे माझ्या मुलीला. कंपनी तिच्या नावावर आहे. मी कुठेच नाही.

मला वाटलं ती रडेल. ती चक्क खूश झाली. म्हणाली, “आई, याच्यासाठीच तर वही ठेवली होती मी.” चार वर्षांच्या वह्या काढून टेबलावर मांडलेन. आमच्या कलमांच्या आंब्याचा तपासणीचा अहवाल तिच्याकडे होता, तोही चोख होता. तिला खात्रीच होती की त्या कंपनीनेच कुठून तरी स्वस्तातला आंबा आणून आमच्या पेट्यांत घातला असणार. मोठ्या लोकांना नुसती जाहिरात छापायला येते, आता त्यांना दाखवते, म्हणाली. मी हो हो करत होते आणि सिंकमधलं घासलेलं भांडं परत घासत होते.

त्यानंतरचे काही दिवस नुसत्या चिडचिडीत गेले. मी सगळ्यांवर चिडले. त्या कंपनीवर चिडले, कारण पृथ्वीच्या एवढ्या गप्पा मारून त्यांनी आमची प्रत्येक पेटी चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून वाटली होती. त्या तक्रार करणाऱ्यावर चिडले. माणसाला हापूसची पेटी फुकट मिळते आणि तो ती खायची सोडून प्रयोगशाळेत नेतो, हा कुठला स्वभाव? मुलीवर चिडले, ती इतकी सरळ का म्हणून. स्वयंपाकात दोनदा मीठ पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. ह्यांचा जहाजावरून फोन आला तेव्हा सांगणार होते, पण आवाज तुटत होता, आणि खरं म्हणजे मला ते बरंच वाटलं.

आठव्या दिवशी रिक्षा केली आणि जुन्या वकीलसाहेबांकडे गेले. माझ्या जागी आता एक मुलगी बसते, तिने मला अशिलांच्या बाकावर बसायला सांगितलं. साहेबांना मी म्हटलं, एका ओळखीच्या बाईंचं प्रकरण आहे. ते चष्मा काढून ऐकत राहिले. मग त्यांनी मला समजावलं, जसं ते अशिलांना समजावतात तसं. म्हणाले, पूर्वी जाहिरातीत कुणी काहीही छापायचं. आता माती, पाणी, निसर्ग यांचं नाव घेऊन माल विकायचा असेल तर जो बोलला त्याने सिद्ध करायचं, असा कायद्याचा रोख आहे. पर्यावरणपूरक म्हणजे नेमकं काय? फळ, गवत की पुठ्ठा? सगळं की थोडं? कुणी तपासलं, कशावरून? उत्तर नसेल तर ती दिशाभूल. दंड होतो, जाहिरात मागे घ्यावी लागते, आणि गावभर नाव होतं ते वेगळंच. मोठ्या कंपनीला असा दंड चिमटा काढल्यासारखा असतो, लहान कंपनी त्यात बसते.

मी विचारलं, आणि त्या बाईंनी आमचं फळ शुद्धच होतं असं लिहून दिलं तर?

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “बाई, पेटीवरचं चुकीचं वाक्य मी निभावून नेईन. माहीत असून खोटं प्रतिज्ञापत्र आणलंत, तर माझ्याकडे येऊ नका.” ‘त्या बाई’ वगैरे त्यांनी सरळ सोडून दिलं होतं. मी नमस्कार केला आणि उठले. पैसे विचारले तर त्यांनी हात हलवला.

एवढं ऐकून शहाण्या बाईने काय केलं असतं? घरी येऊन मुलीला सांगितलं असतं. मी काय केलं, तर दुसऱ्या दिवशी बागेत गेले, भावोजींकडे. त्यांना मी सगळं सांगितलं. म्हटलं, पोरीचं नाव जाणार. ते दगडावर बसले होते, ऐकताना जमिनीवर काठीने रेघा मारत होते. मला वाटलं आता म्हणतील, तू घेतलास कशाला? ते म्हणाले, “काय लिवून हवा तुला? मी देतो लिवून.”

मी घरी आले आणि टाइप केलं. बोटं विसरली नव्हती. ‘मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझ्या हिश्शाच्या बागेत चालू हंगामात कोणतीही रासायनिक फवारणी केलेली नाही.’ वीस मिनिटांत कागद तयार. नोटरी नंतर करता आली असती. संध्याकाळी परत पावसला गेले. भावोजींनी चष्मा शोधला, मिळाला नाही, तशीच सही करायला घेतली. मी म्हटलं, वाचून तरी बघा. ते म्हणाले, तू लिवलंस ना, मग काय वाचायचा. आणि कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी सही केली. वाटणीपत्रावरही त्यांनी अशीच सही केली होती. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. ह्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना. चहाला थांबले नाही.

घरी आले तर मुलीचं उत्तर लिहून तयार होतं. चार पानं. म्हणाली, तू एकदा नजर घाल, भाषा तुझ्यासारखी नाही जमत मला. मी वाचायला बसले. वह्यांचे दाखले, तपासणीचा अहवाल, सगळं मुद्देसूद. मग तिसऱ्या पानावर हे होतं: ‘पेट्या भरण्याचं काम माझ्या आईच्या देखरेखीखाली झालं. ती पूर्ण वेळ मांगरात हजर होती. आमच्या बागेबाहेरचं एकही फळ या पेट्यांत गेलेलं नाही, याची ती स्वतः साक्षीदार आहे. भेसळ झाली असल्यास ती आपल्याकडे झालेली आहे.’ खाली दोन सह्यांची जागा. एक तिची, एक माझी.

माझंच ‘एकही’ तिने विश्वासाने उचललं होतं. आधी जास्त वाटलेला तो शब्द आता तिने माझ्या भरवशावर लिहिला होता. आणि माझ्या पर्समध्ये तिच्या काकांची सही असलेला कागद होता. मी सही केली असती तर माझी मुलगी दुसऱ्यावर भेसळीचा खोटा आरोप करून मोकळी झाली असती, आणि तो खोटा आहे हे तिला कळलंही नसतं. निदान पुढच्या तारखेपर्यंत.

मी पर्स उघडली आणि तो कागद तिच्यापुढे ठेवला. मग सांगितलं. चाळीस पेट्या, भावोजींचा आंबा, तिचा फोन, मी म्हटलेलं ‘झाल्या’. बोलताना मी उभीच होते. सगळं झाल्यावर तिने विचारलं, कुठल्या चाळीस? नंबर आहेत का? नव्हते. सगळ्या एकत्र लागलेल्या. म्हणजे दोनशेच्या दोनशे, म्हणाली. मग तो काकांचा कागद तिने वाचला, सावकाश, शेवटच्या सहीपर्यंत. वर बघितलंन आणि विचारलंन, “हे तू टाइप केलंस?”

चाळीस पेट्यांचं तिने मला माफ केलं असतं. हे मला तिच्या आवाजावरून कळलं. आंबा कमी पडला, हात सवयीने गेला, हे तिलाही समजण्यासारखं होतं, तीही त्याच मांगरात वाढलेली. पण तो कागद मी शांत डोक्याने, खुर्चीवर बसून, समास सोडून टाइप केला होता. मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, ते कळलं मला. आणि कागद घडी घालून माझ्या हातात परत दिलान.

तिने जे उत्तर पाठवलं ते सहा ओळींचं होतं. मी त्यातल्या एकाही शब्दाला हात लावला नाही. त्या दोनशे पेट्यांवरचं विधान खरं नव्हतं, काही पेट्यांत शेजारच्या फवारणीच्या बागेतला आंबा आमच्याकडूनच गेला, आम्ही ते विधान मागे घेतो, आणि तक्रारदारांनाही हे आम्ही स्वतः कळवत आहोत. वकीलसाहेबांनी ते वाचून एवढंच विचारलं, हे मुलीने लिहिलं ना? मुंबईच्या कंपनीने आमच्याशी व्यवहार तोडला. मजा म्हणजे तक्रारीत ती अजून आहे, कारण पुरावा न मागता जाहिरात तिनेच केली होती. आमचंही नाव त्यात आहे. तारखा पडतायत. काय होईल ते साहेबांनाही सांगता येत नाही, पण लपवलं नाही याचा उपयोग होईल असं ते म्हणतात. दाखला एक वर्ष लांबला.

दिवाळीनंतर मुलीने दोन भागांच्या मध्ये गडगा घातलान. दाखल्यासाठी हद्द दिसावी लागते, मधली एक ओळ कलमांची सोडावी लागते, आंबा ठेवायची जागा वेगळी लागते. काकांना विचारायला ती एकटी गेली, मला नेलं नाही. ते म्हणाले, घाल गो बाय. आणि वरच्या कातळावरचा जांभा त्यांनीच काढून दिला. गडगा होताना ते तिथे उभे राहून एखादा दगड नीट बसवत होते. रागावलेले वगैरे अजिबात नव्हते. पण मांगर आमच्या बाजूला राहिला, आता तिथून त्यांच्याकडे जायला लांबून फिरून जावं लागतं, आणि त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा चहाला ते येत नाहीत. मीच थर्मास घेऊन जाते कधीतरी. थोरली जाऊ विचारते, पोरीचं काय झालं? मी म्हणते, तारीख आहे.

ह्या वर्षी मोहोर चांगला आला, फळही धरलं. मार्चमध्ये मुलीने एक कागद मांगराच्या दारावर लावलान. काढणी कोण करणार, निवडणार कोण, पेट्या कोण भरणार, आणि कुठल्या कलमाचा आंबा कुठल्या नंबरच्या पेटीत गेला ते लिहिणार कोण. मी तो दोनदा वाचला. मग तिला म्हटलं, माझं नाव राहिलंय.

“राहिलं नाही, आई,” ती म्हणाली.

माझा स्वभाव तिला माहीत आहे, त्यामुळे तिने लगेच पुढचं सांगितलं, हळू आवाजात. म्हणाली, मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण पुन्हा चाळीस कमी पडल्या, आणि काका म्हणाले घे, तर तुला नाही म्हणता येणार नाही. मला संताप आला. ज्या मांगरात मी तीस वर्षं कंबर मोडली तिथे मला ही कालची पोर येऊ नको म्हणते? ‘नाही म्हणता येईल मला’ असं मला म्हणायचं होतं. ते म्हणता येईना.

तिने मला दुसरं काम दिलं. घरी बसून ऑर्डरीचे फोन घ्यायचे. घरी बसून, म्हणजे बघा, मला. फोन येतात पुष्कळ. लोक भाव विचारतात, कधी पोचेल विचारतात, त्यांना मी भराभर उत्तरं देते. काल पुण्याहून एका बाईंचा आला होता. सगळं बोलून झालं, पत्ता लिहून घेतला, आणि शेवटी त्या म्हणाल्या, लहान बाळ आहे हो घरात, म्हणून विचारते, खरंच फवारणी नाही ना करत तुम्ही?

मी म्हटलं, थांबा हं, मुलीला विचारून सांगते.